हवेतलं तीन बोटं पाणी

माझं नारायणगावात बॅटऱ्यांचं आणि सोलरचं दुकान आहे. ओळखीचं गिऱ्हाईक आत आलं की 'काय म्हणता' वगैरे न विचारता 'आज किती बोटं?' असं विचारतं. मी मोबाइल उघडतो, 'दोन' म्हणतो किंवा 'अडीच' म्हणतो, आणि मग बॅटरीचा विषय निघतो. शेजारी कोणी नवखा उभा असेल तर तो संशयाने बघायला लागतो. त्याला समजावायचं तर वायाळ मॅडमपासून सुरुवात करावी लागते, आणि वायाळ मॅडम ही काही काउंटरवर उभ्या उभ्या सांगून संपणारी गोष्ट नाही.

मॅडम मूळच्या घोडेगावच्या. वडील एस.टी.त कंडक्टर होते. शिकत शिकत त्या पुण्याला गेल्या, तिथून आणखी कुठे कुठे गेल्या, आणि पन्नाशीच्या आसपास हवामानाचं काम करणाऱ्या पुण्यातल्या एका संस्थेतर्फे परत आमच्याकडे आल्या. गेल्या तेव्हा त्यांना पाऊस कसा पडतो हे जाणून घ्यायचं होतं म्हणे. परत आल्या तेव्हा त्यांना फक्त हवेतलं पाणी मोजायचं होतं. एवढ्या शिक्षणाने माणसाच्या अपेक्षा कमी होत असतील तर शिक्षण चांगलंच म्हणायचं.

माझ्या दुकानात त्या पहिल्यांदा आल्या त्या चिंब भिजून. छत्री नव्हती. पुसायला नॅपकिन दिला तर त्यांनी त्याने स्वतःचा मीटर पुसला आणि बॅटरी दाखवायला सांगितली. मी नवी कोरी बॅटरी काढून ठेवली. त्यांनी मीटर लावला, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "ही आजारी आहे."

"मॅडम, नवीन आहे. सील तुमच्यासमोर फोडलं."

"नवीन माणसंही आजारी असतात."

दुसरी बॅटरीही त्यांनी आजारी ठरवली. तिसरी पास झाली. मी मनातून चिडलो होतो, पण नंतर दोन्ही आजारी बॅटऱ्या मी गपचूप कंपनीला परत पाठवल्या आणि कंपनीने काही न बोलता बदलून दिल्या. पुढच्या आठवड्यात मॅडम पुन्हा भिजत आल्या आणि त्यांच्या यंत्रांची देखभाल माझ्याकडे देऊन गेल्या. 'तुम्ही चिडलात, पण खोटं बोलला नाहीत,' एवढीच माझी मुलाखत झाली.

छत्री त्या कधीच वापरत नसत. हवेतल्या पाण्यावर डॉक्टरेट मिळवलेली बाई आख्खा पावसाळा शिंकत काढते, हे बघून माझ्या बायकोला राहवलं नाही. तिने विचारलं, तर उत्तर आलं, "हात मोकळे लागतात." रेनकोट का नाही, तर आत घाम येतो. मग गवती चहाचा काढा करून देणं एवढंच आमच्या हातात राहिलं. तो मात्र त्या दोन-दोन कप घेत.

त्यांचं यंत्र म्हणजे एका पाइपावर बसवलेली पांढरी थाळी आणि खाली एक डबा. मोबाइलला रस्ता दाखवणारे उपग्रह असतात ना, त्यांचेच सिग्नल ही थाळी पकडते. हवा कोरडी असली तर सिग्नल वेळेवर येतो. हवेत बाष्प असलं तर किंचित उशिरा येतो. उशीर किती झाला यावरून वरच्या हवेत पाणी किती ते काढायचं, आणि ते दिवसातून एकदा नाही, दर थोड्या मिनिटांनी. अशा थाळ्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ठिकठिकाणी गच्च्यांवर बसवायच्या, सगळ्यांचे आकडे एकत्र करून हवेतल्या पाण्याचा बारीक चौकटींचा ताजा नकाशा करायचा, आणि तो अंदाज वर्तवणाऱ्या मोठ्या संगणकाला सतत खाऊ घालायचा, असं ते काम होतं.

मॅडमना राग येत असेल तर तो एकाच गोष्टीचा. जुना नकाशा उघडला की नाणेघाटापासून बेल्ह्यापर्यंत एकच रंग. "संतोषराव, नाणेघाटात माणूस दोन हातांवरचं दिसत नाही म्हणून उभा आहे. त्याच वेळी बेल्ह्याच्या बैलबाजारात धुरळ्याने व्यापाऱ्यांचे डोळे चुरचुरतायत. आणि हा म्हणतो दोघांना हलका पाऊस. एकाला कमी, एकाला जास्त. दोघांची फसवणूक एकाच रंगात." हे त्या अगदी सावकाश बोलत, आणि बोलून झालं की शिंकत.

थाळी बसवण्याआधी गच्चीवरून सगळीकडे आभाळ मोकळं दिसतं का ते बघावं लागतं. त्यासाठी मॅडम गच्चीच्या मधोमध उभ्या राहायच्या, उजवा हात समोर ताठ धरायच्या, मूठ वळायच्या आणि स्वतःभोवती हळूहळू गोल फिरायच्या. मुठीच्या वर झाड किंवा डोंगर आला की ती जागा अडलेली. बघणाऱ्याला मात्र हा काहीतरी विधी वाटे. लेण्याद्रीच्या पायथ्याशी हार-नारळाचं दुकान असलेल्या एका घराच्या गच्चीवर त्यांनी अशी प्रदक्षिणा घातली आणि म्हणाल्या, "दक्षिणेची आंब्याची फांदी नडतेय. काढून टाका." घरच्यांनी त्याच दिवशी फांदी तोडली. पुढच्या महिन्यात त्यांच्या मुलीचं रखडलेलं लग्न जमलं. झालं. त्यानंतर त्या पट्ट्यातून मॅडमना वास्तू बघायला बोलावणी येऊ लागली. त्या जातही. गच्ची मोकळी असेल तर थाळी बसवून येत, आणि स्वयंपाकघर कुठल्या तोंडाला असावं असं विचारलं तर 'जिथं धूर कोंडणार नाही तिथं' असं सांगत. तो सल्ला कधी कोणाला बाधला नाही.

लेण्याद्रीला खरा त्रास माकडांचा झाला. माकडं पाइपाला लोंबकळत आणि थाळी हले. थाळीला स्वतःची जागा केसभर सरकलेलीही कळते, त्यामुळे पुण्याहून मॅडमना विचारणा आली की आपल्या भागात भूकंपासारखं काही झालंय का. मॅडमनी उत्तर पाठवलं, 'नाही. माकड.' मग मी पाइपाला बाभळीच्या काट्या बांधल्या आणि विषय मिटला.

बोटांची भानगड नारायणगावच्या टोमॅटो बाजारात सुरू झाली. बाजार समितीच्या शेजारी एका गच्चीवर थाळी होती. आम्ही तिची वायर बघायला गेलो की आडते, शेतकरी, टेंपोवाले खाली जमायचे आणि एकच प्रश्न विचारायचे. पाऊस येणार का? मॅडम म्हणायच्या, "मी पाऊस सांगत नाही. हवेत पाणी किती आहे ते सांगते." मग मिलिमीटरमध्ये आकडा. समोरचे चेहरे मिलिमीटर ऐकल्यासारखे व्हायचे. एकदा मॅडमनी वैतागून एका क्रेटवर पंजा आडवा ठेवला. "हे बघा. तुमच्या डोक्यावरची सगळी हवा, पार वरपर्यंतची, धुणं पिळतात तशी पिळली, तर तुमच्या पायाशी इतकं पाणी साचेल. आज दोन बोटं."

"आन पावसाळ्यात?"

"तीन."

"चार?"

"चार आपल्याकडे होत नाही."

"मंग आज दोन बोटं म्हंजी येनार का पाऊस?"

"म्हणजे दोन बोटं आहे."

हे उत्तर लोकांना लई आवडलं अशातला भाग नाही, पण बोटं मात्र बाजाराने उचलली. दोन बोटं, अडीच बोटं, आडव्या पंजाने दाखवत माणसं एकमेकांना हवा सांगू लागली. अर्थ प्रत्येकाने आपापला लावला.

माझा मेहुणा विलास द्राक्षबागायतदार आहे. त्याने एकदा मॅडमना माझ्या दुकानात गाठलं. घड तयार होत आलेले, आभाळ भरलेलं, औषध मारायचं की थांबायचं असा पेच. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला नात्यातल्या धरून विचारतो. मारू का नको?"

"अडीच बोटं आहे."

"बोटं ऱ्हाऊ द्या हो. येनार का न्हाई ते सांगा."

"ते मी सांगत नाही."

विलासने औषध मारलं. संध्याकाळी सर आली आणि सगळं धुऊन गेलं. दुसऱ्या दिवशी तो दुकानात येऊन मॅडमना नाही नाही ते बोलला. त्यांनी ऐकून घेतलं. तो गेल्यावर मीही जरा रागातच म्हणालो, "तुम्हाला अंदाज होता ना? एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी काढ्याचा कप खाली ठेवला. "अंदाज होता. पण तो दहातल्या सहा वेळा खरा ठरणारा. चार वेळा मी खोटी पडणार. एकदा खोटी पडले की पुढच्या वेळी हे माझं ऐकणार नाहीत. आणि संतोषराव, पुढच्या वेळी कदाचित औषधाचा प्रश्न नसेल."

मला तेव्हा हे उत्तर पळवाट वाटलं. आता वाटत नाही.

जी जागा मनात धरून त्या बोलत होत्या ती होती भोकरवाडी. डिंभ्याचं धरण मागे टाकून आहुप्याच्या वाटेने वर गेलं की डोंगराच्या कुशीत पंधरा-वीस घरांची ही वाडी. भातखाचरं, नाचणीचे उतार, हिरड्याची झाडं. घरांच्या मागे डोंगर सरळ उभा. पावसाळ्यात तिथे हवा कशी असते ते कोणालाच माहीत नव्हतं, कारण तिथे मोजणारं काही नव्हतंच. पाऊस वाढला तर वाडीने ओढा ओलांडून पलीकडच्या पठारावरच्या शाळेत जायचं, असं ठरलेलं होतं. पण ओढ्याला पाणी चढण्याआधी निघायला हवं, आणि कधी निघायचं ते कोण सांगणार? नुसता पाऊस लागला म्हणून निघायचं तर चार महिने शाळेतच राहावं लागेल. म्हणून मॅडमना तिथे थाळी हवी होती. बाकीच्या साऱ्या गच्च्या त्यांनी जमवल्या त्या नकाशासाठी. ही एक त्यांनी पुण्याशी भांडून मिळवली.

वाडीत स्लॅबचं घर एकच, हौसाबाईचं. घरकुल योजनेतलं. हौसाबाई मॅडमच्याच वयाची, नवरा गेलेला, मुलगा चाकणला कंपनीत. जिभेला धार. मोबाइलची रेंज वाडीत फक्त तिच्या गच्चीवर येते, त्यामुळे गच्चीला आणि हौसाबाईला दोघांनाही मान. थाळी बसवून झाल्यावर मॅडम तिला म्हणाल्या, "हौसाबाई, याला जीवापाड जपा."

"जपीन की. तान्ह्या लेकरावानी जपीन," हौसाबाई म्हणाली. तिने शब्द पाळला, आणि तिथेच घोटाळा झाला.

पावसाळा लागला आणि भोकरवाडीहून विचित्र आकडे येऊ लागले. कोरड्या दिवशी सगळं ठीक. पाऊस लागला की आकडा चढायचा तो थेट चार बोटांवर. चार आपल्याकडे होत नाही. नकाशावर भोकरवाडीच्या जागी एक गडद ठिपका उमटायचा आणि मोठा संगणक तिथे महापूर वर्तवायचा. पुण्याहून विचारणा सुरू झाल्या. मॅडमनी थाळी बदलली, केबल बदलली, डबा बदलला. मी बॅटरी बदलली, मग माझीच चूक असेल म्हणून पुन्हा बदलली. मॅडम गच्चीवर मूठ धरून फिरल्या, एक निरपराध उंबर तोडायला लावला. आम्ही जाऊ तेव्हा थाळी स्वच्छ, पुसलेली, चकचकीत. आम्ही परतलो आणि पाऊस लागला की पुन्हा चार बोटं. मॅडमनी त्या काळात या ठिपक्यावर पानंच्या पानं गणित केलं. डोंगरावरून वारा कसा वळत असेल, ढग कसा अडकत असेल. काढा पिताना त्या मला ते समजावून सांगत आणि मी मान डोलवत असे.

एकदा घोडेगावला दुसरं काम निघालं आणि आम्ही न कळवताच भर पावसात वर गेलो. गच्चीवर चढलो तर थाळी दिसेना. पाइपावर इरलं होतं. भातलावणी करताना बायका डोक्या-पाठीवर घेतात ते बांबूच्या काड्यांचं आणि पानांचं इरलं. चिंब ओलं, वर सुतळीने गच्च बांधलेलं. सिग्नल आधी आभाळातल्या पाण्यातून यायचा आणि मग इरल्यातल्या पाण्यातून.

हौसाबाई धावत वर आली. तिच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याचा भाव नव्हता, पाहुणे न सांगता आल्याचा होता.

"हे कधीपासून घालता?" मॅडमनी विचारलं.

"पयल्या दिसापासून. पाऊस आला की घालती, उघडला की काढती. तुमीच म्हनालात ना जपा म्हनून."

"आम्ही यायचो तेव्हा कधी दिसलं नाही."

"तवा काढून ठेवायची. पावण्यांम्होरं त्याला जुनं इरलं बरं दिसतं व्हय? नवं करायला टाकलंय."

मॅडम पावसात तशाच गच्चीच्या कठड्यावर बसल्या. मला वाटलं आता संतापतील. त्यांनी इरलं सोडून मांडीवर घेतलं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, "पानं कशाची लावलीत?" हौसाबाईने सांगितलं. मग मॅडमनी तिला सांगितलं की हे यंत्र पावसात भिजण्यासाठीच केलेलं आहे.

"म्हंजी त्याला भिजत ठिवायचं?"

"हो."

"आन मी येड्यावानी मधरात उठून त्याला झाकीत व्हते," हौसाबाई म्हणाली. तिला खरोखर वाईट वाटलं होतं. मॅडमनाही वाटलं असणार, कारण खाली येताना त्या म्हणाल्या, "माझ्या गणितात सगळं होतं संतोषराव. माया नव्हती."

मॅडमनी पुण्याला कारण कळवलं. 'इरलं.' तिकडून विचारणा आली की इरलं म्हणजे काय. त्यांनी फोटो पाठवला. फोटो तिथे बऱ्याच जणांना आवडला असं कळलं, पण निर्णय झाला तो व्हायचाच होता. भोकरवाडीचे आकडे भरवशाचे नाहीत, पुढचा पावसाळा पूर्ण नीट गेल्याशिवाय ते नकाशात घ्यायचे नाहीत. थाळी चालू राहील, आकडे येत राहतील, पण जमेस धरले जाणार नाहीत. वाडीच्या जागी नकाशात आसपासच्या थाळ्यांवरून काढलेला रंग. आणि आसपासच्या थाळ्या म्हणजे सगळ्या पूर्वेच्या, कोरड्या बाजूच्या. मॅडम आपल्या लॅपटॉपवर नकाशाच्या शेजारी एक छोटी खिडकी उघडी ठेवू लागल्या. तिच्यात एकट्या भोकरवाडीचा आकडा यायचा.

त्याच पावसाळ्याच्या उत्तरार्धातली ही दुपार. मॅडम माझ्या दुकानात बसल्या होत्या. नारायणगावात रिपरिप. नकाशा सांगत होता की पश्चिमेला मध्यम पाऊस, काळजीचं काही नाही. छोट्या खिडकीत मात्र भोकरवाडी तीन बोटांवर होती, मग तीनच्या पुढे गेली, आणि चढतच राहिली. मॅडमनी काढा तसाच ठेवला. इरल्याच्या वेळीही आकडा असाच चढायचा. पुण्याला फोन केला तर तिकडच्या माणसाने सभ्यपणे आठवण करून दिली की ती थाळी आपण धरत नाही.

मॅडमनी हौसाबाईला फोन लावला. बराच वेळ लागेना. लागला तेव्हा पावसाच्या आवाजात तिचं ओरडणं मलाही ऐकू येत होतं.

"हौसाबाई, थाळीवर इरलं घातलंय का?"

"काय?"

"इरलं. घातलंय का थाळीवर?"

पलीकडून आवाज आला तो दुखावलेला. "बाई, त्या दिसापासून हात लावला न्हाई मी. तुमचा इस्वासच न्हाई व्हय माज्यावर?"

"विश्वास आहे. बघून सांगा. आत्ता त्याच्यावर काय आहे?"

"पाऊस हाय. दुसरं काय असनार."

"मग इरलं कुठंय?"

"माज्या डोक्यावर! इतक्या पावसात गच्चीवर हुभी ऱ्हाऊन बोलती तुमच्याशी, मी काय भिजत ऱ्हाऊ?"

मॅडमनी डोळे मिटले. आम्ही त्यांना इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्यांच्या तोंडून पुढचं वाक्य कधी ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं. आणि ते आलं तेही पुण्याच्या भाषेत नाही, घोडेगावच्या.

"हौसाबाई, पाऊस येनार हाये. लई येनार. वाडी घेऊन साळंत जा. आत्ता. वढा चढायच्या आत."

हौसाबाईने विचारलं, "तुमी सांगताय? पाऊस?"

"हां. मी सांगतीये."

"बरं," हौसाबाई म्हणाली, आणि फोन तुटला.

मॅडमनी मग तालुक्याला आणि आणखी दोन ठिकाणी कळवलं. हे नकाशात नाही, माझ्या जबाबदारीवर सांगतेय, असं प्रत्येकाला स्पष्ट सांगितलं. तेवढं झाल्यावर करायला काहीच उरलं नाही. बायकोने नवा काढा आणून काउंटरवर ठेवला. मॅडम दुकानाच्या दारात जाऊन पश्चिमेकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना नुसत्या डोळ्यांनी आभाळाकडे बघताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"न यावा असं वाटतंय," त्या म्हणाल्या. "आणि आला नाही, तर पुढच्या वेळी ती माणसं हलणार नाहीत."

मीही दारात उभा राहिलो. मला भीती वाटत होती, आणि ती पावसाची होती की पाऊस न येण्याची, हे मला कळत नव्हतं.

पाऊस आला. अंधार पडायच्या सुमारास छोट्या खिडकीतला आकडा एकदम थांबला. रात्रभर फोन लागला नाही. सकाळी कळलं की मागचा डोंगर सुटला आणि वरच्या अंगाची घरं चिखलात गेली, हौसाबाईचंही. घरात कोणी नव्हतं. माणसं शाळेत होती, गुरंही सोडून नेलेली होती. हौसाबाईची एक खुडूक कोंबडी तेवढी राहिली. तिच्यासाठी ती अजून हळहळते.

रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही गेलो. वाडीतला एक म्हातारा शाळेच्या पायरीवर बसला होता. मी त्याला विचारलं, "लगेच निघालात का हो सगळे?"

"निघनार न्हाई तर काय? हौसा सांगत आली, बाईंनी पाऊस सांगितला म्हनून. आमी म्हनलं, ही बाई तर कवाच सांगत न्हाई. मंग चला."

मॅडमनी ते ऐकलं आणि त्या शाळेच्या मागे निघून गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते. सर्दी आहे म्हणाल्या. सर्दी होतीच.

भोकरवाडी नकाशात घ्यायचं ठरलं. पुण्याहून मोठी माणसं येऊन बघून गेली. नारायणगावच्या बाजारात मॅडमचा भाव एकदम वाढला, आणि विलास पहिला आला. "मॅडम, आता तर सांगा. तिकडं सांगितलंत की."

"त्या दिवशी होता," मॅडम म्हणाल्या. "आज दोन बोटं आहे."

पुढे त्यांची बदली झाली. पार ईशान्येकडे, आमच्याहून उभ्या डोंगरांत, नव्या थाळ्या बसवायला. कधीमधी फोन येतो. मी तब्येत विचारतो आणि त्या तिथली बोटं सांगतात. पण मॅडम म्हटलं की मला त्या फोनवरच्या आठवत नाहीत. जाण्याआधी आम्ही भोकरवाडीची थाळी पुन्हा बसवली, यावेळी पठारावर, शाळेच्या गच्चीवर. ते शेवटचं एकत्र काम, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

वायर जोडत असतानाच पाऊस सुरू झाला. मी सवयीने प्लॅस्टिकचा कागद उचलला तशी हौसाबाई ओरडली, "त्याला झाकू नका! भिजू द्या." मग तिने स्वतःच्या डोक्यावरचं इरलं काढलं आणि मॅडमच्या डोक्यावर ठेवलं. मॅडम नको नको म्हणत होत्या. हौसाबाईने ऐकलं नाही. "तुमी काय मशीन न्हाई," ती म्हणाली, आणि पदर डोक्यावर ओढून जिन्याच्या आडोशाला गेली.

मॅडमनी दोन्ही हात समोर धरून बघितले, बोटं उघडली, मिटली. इरलं हातांनी धरावं लागत नव्हतं.

"हात मोकळे राहतात की," त्या म्हणाल्या.

मी पक्कड आणायला खाली गाडीकडे गेलो. तिथून वर बघितलं. नव्या थाळीवरून पाणी ओघळत होतं. तिच्या शेजारी मॅडम उजवा हात ताठ धरून, मूठ वळून, स्वतःभोवती हळूहळू फिरत होत्या, आणि आख्ख्या पावसाळ्यात मी त्यांना पहिल्यांदाच कोरड्या बघत होतो.